फॉरमॅट मारण्याआधी

कुडाळच्या किंवा मालवणच्या बाजारपेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जरा वेळ उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘‘फॉरमॅट मारूचो लागतलो.’’ लॅपटॉप सुरू होत नाही, विंडोज दिसत नाही, काळ्या पडद्यावर दोन ओळी इंग्रजी आणि त्यापुढे लुकलुकणारी रेघ. निदान एकच, औषधही एकच. दुकानदार लबाड असतो असं मुळीच नाही. फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकायला किती वेळ लागतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं, त्याचा दर ठरलेला असतो आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या हातात चालतं यंत्र ठेवता येतं. दुखणं शोधत बसायचं तर किती वेळ जाईल सांगता येत नाही, आणि नुसत्या शोधण्याचे पैसे द्यायला आपल्याकडे कुणी तयार नसतं. मधल्या मध्ये जातात ती पोराची प्रोजेक्टं, आईच्या बुकिंगच्या नोंदी आणि टॅलीतला हिशेब.

ज्या यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदतात, त्याच्या बाबतीत तर हा रोगापेक्षा इलाज भयंकर असाच प्रकार असतो. असं यंत्र एके सकाळी सुरू होईनासं झालं, तर बहुतेक वेळा दोन्ही सिस्टिमा जागच्या जागी धडधाकट असतात. बिघडलेला असतो तो बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताना ‘कुठे जायचं’ हे विचारणारा आणि तिथे नेऊन सोडणारा छोटासा प्रोग्रॅम. सगळ्या डिस्कच्या मानाने त्याचा आकार नगण्य असतो. तो परत बसवायला एक पेनड्राइव्ह आणि जरा शांत डोकं लागतं.

सिंधुदुर्गात अशी जोडयंत्रं का असतात, हे आधी सांगायला हवं. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तंत्रशिक्षण मंडळाच्या कॉम्प्युटर डिप्लोमात ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय असतो आणि त्याच्या प्रात्यक्षिकांत लिनक्सच्या कमांडी चालवाव्या लागतात. जिल्ह्यातली पदवी महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी जोडलेली. तिथल्या कॉम्प्युटर सायन्सच्या अभ्यासक्रमातही लिनक्स येतंच. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतून ऐकण्याची सोय करून ठेवली आहे, त्यामुळे भाषेचीही फार अडचण उरलेली नाही. थोडक्यात, पोराला उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, हवं असतं. पण घरात लॅपटॉप एकच, आणि घराला विंडोज हवं असतं. काजूच्या कारखान्याचा हिशेब टॅलीत, पत्रिका-हँडबिलं छापणाऱ्याचे वर्षानुवर्षांचे मजकूर श्री-लिपीत नाहीतर सी-डॅकच्या आयएसएमच्या जुन्या फॉन्टांत. हे सगळं विंडोजवरच सुखाने चालतं. मग डिस्कचे दोन भाग होतात आणि दोघं एका छपराखाली राहायला लागतात.

हल्ली त्यात आणखी एका कारणाची भर पडली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. जुना पण धड चालणारा लॅपटॉप फेकवत नाही, म्हणून त्यावर विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट टाकून घेणारे वाढलेत. आपल्याकडे सरकारने ही जोडव्यवस्था कधी घरोघर वाटली नाही. तामिळनाडूने वाटली : २०११ पासून तिथे विद्यार्थ्यांना जे मोफत लॅपटॉप मिळाले, त्यांवर विंडोजच्या जोडीला सी-डॅकने केलेलं बॉस लिनक्स होतं.

बटण दाबल्यावर काय होतं ते आता पाहू. प्रोसेसरला हार्ड डिस्क, फाइल, विंडोज यातलं काहीच ठाऊक नसतं. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कोरलेला एक प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, पहिल्यांदा जागा होतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून कित्येक वर्षं या फर्मवेअरचं नाव बायोस होतं. बायोसची समज बेताची. डिस्कचा अगदी पहिला तुकडा, ५१२ बाइटांचा, तो उचलतो, मेमरीत एका ठरलेल्या जागी ठेवतो, शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए ही खूण आहे का ते बघतो आणि असेल तर डोळे मिटून त्या तुकड्याच्या हाती कारभार देतो. या ५१२ मधले ६४ बाइट डिस्कच्या वाटण्यांच्या (पार्टिशनांच्या) नोंदीला जातात : चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइट. खुणेचे दोन. उरले ४४६. एवढ्यात बूटलोडर बसवायचा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या रूढ पद्धतीत तीन बाइट घेतं, म्हणजे या जागेत मराठीची दीडशे चिन्हंही मावत नाहीत.

साहजिकच सगळा बूटलोडर तिथे राहू शकत नाही. लिनक्सचा सध्याचा नेहमीचा बूटलोडर म्हणजे ग्रब. त्याची मुळं १९९५ मध्ये एरिक बोलिन याने केलेल्या कामात आहेत. जुन्या पद्धतीच्या यंत्रावर ग्रब तीन ठिकाणी विखुरलेला असतो. पहिल्या तुकड्यात फक्त ‘पुढचा भाग अमुक जागी आहे’ एवढं सांगणारा कोड. पहिल्या तुकड्याच्या मागे आणि पहिल्या वाटणीच्या आधी जी थोडी मोकळी जागा सुटलेली असते, तिथे त्याचा गाभा. आणि मेनू, चित्र, बाकीचे सुटे भाग हे सगळं लिनक्सच्या वाटणीत, ‘बूट’ नावाच्या डिरेक्टरीतल्या ‘ग्रब’मध्ये. तिन्ही कड्या जुळल्या तरच ‘उबुंटू की विंडोज’ विचारणारा तो पडदा दिसतो. विंडोज नव्याने टाकलं की ते पहिल्या तुकड्यातल्या त्या ४४६ बाइटांवर आपला कोड लिहितं. आधी तिथे कोण राहत होतं याची चौकशी करत नाही. लिनक्सच्या वाटणीतली एकही फाइल हललेली नसते, पण तिथवर नेणारी पहिलीच कडी तुटते.

सुमारे २०१२ पासून, विंडोज ८ च्या वेळेला, बाजारात येणाऱ्या लॅपटॉपांत नवी व्यवस्था आली : यूईएफआय. तिचं मूळ इंटेलने १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या इटॅनियम यंत्रांसाठी केलेल्या ईएफआयमध्ये आहे. २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून तिचा कारभार हाती घेतला. हे फर्मवेअर बायोसपेक्षा बरंच शहाणं. त्याला फाइल वाचता येते. डिस्कवर एक लहानशी वाटणी खास त्याच्यासाठी राखून ठेवलेली असते, साधारण शंभर ते पाचशे मेगाबाइटांची, पेनड्राइव्हवर असते तशा फॅट पद्धतीने आखलेली. तिला ईएसपी म्हणतात. तिच्यात ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर, आणि त्यात प्रत्येकाचा स्वतंत्र फोल्डर : मायक्रोसॉफ्टचा वेगळा, उबुंटूचा वेगळा. कुणी कुणाच्या अंगावर लिहायची गरज नाही. कोणाला आधी बोलवायचं, ती क्रमवारी मात्र डिस्कवर नसून मदरबोर्डच्या स्वतःच्या स्मृतीत असते. नव्या यंत्रांवरचे बरेचसे घोळ या क्रमवारीचे असतात.

सिंधुदुर्ग किल्ल्याचा मुख्य दरवाजा होडीतून येताना लांबून दिसत नाही; बुरुजांच्या वळणात तो असा काही दडवला आहे की अगदी जवळ गेल्याशिवाय उमगत नाही. आत वस्ती आहे, देऊळ आहे, गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि बाहेरून फेरी मारणाऱ्याला वाटावं, याला दारच नाही. बूटलोडर हरवलेल्या यंत्रापुढे बसलेल्या माणसाची गत तीच होते. फॉरमॅट मारणं म्हणजे दार सापडत नाही म्हणून वस्तीसकट किल्ला पाडणं.

मग मदरबोर्डाच्या स्मृतीतली ती क्रमवारी कोण बिघडवतं? विंडोजचा मोठा अपडेट कधी कधी स्वतःला पुन्हा पहिल्या नंबरावर नेऊन बसवतो. फर्मवेअरचा अपडेट झाला तर सगळी यादीच पुसली जाऊ शकते. आणि तिसरा गुन्हेगार आपल्याकडचा खास : दमट हवा. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या, वर खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या पट्ट्यात मदरबोर्डावरच्या त्या नाण्याएवढ्या सीआर २०३२ बॅटरीचे पाय गंजतात. वीज सलग नसली तर ती अधिकच लवकर उतरते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं, तेव्हा कितीतरी वाड्यांत दिवसचे दिवस वीज नव्हती. बॅटरी मेली की काही मदरबोर्ड आपल्या सगळ्या निवडी विसरतात आणि कारखान्यातून आले तसे होतात. यूईएफआयवर चालणारं यंत्र आता जुन्या बायोस पद्धतीने सुरू व्हायला बघतं आणि ‘सुरू करण्याजोगी डिस्कच नाही’ म्हणून हटून बसतं. त्यासोबत घड्याळही भलत्याच सालात गेलेलं दिसलं, तर संशय पहिल्यांदा त्या बॅटरीवर घ्यावा. पन्नास-शंभराच्या आतबाहेर मिळणारी ती चकती बदलली आणि सेटिंग पूर्ववत केली, की बूटलोडरला हातही न लावता काम होतं.

म्हणून पेनड्राइव्ह शोधण्याआधी पडद्यावर काय लिहिलंय ते वाचावं. ग्रबच्या आधी लिलो नावाचा बूटलोडर होता, वेर्नर अल्मेसबर्गरचा. तो सुरू होताना आपल्या नावाची चार अक्षरं एकेक करून उमटवी, एका टप्प्याला एक. पडद्यावर नुसतं ‘एल’ येऊन गाडी थांबली तर पहिलाच टप्पा पार पडला. ‘एल-आय’वर थांबली तर दुसरा भाग मेमरीत आला, पण चालू झाला नाही. मला ही फार देखणी युक्ती वाटते. आजचे संदेश लांबलचक झालेत, पण तेही तेच सांगतात : कुठवर आलो आणि कुठे अडलो.

थेट विंडोज सुरू झालं, मेनू आलाच नाही, तर यूईएफआय यंत्रात नुसती क्रमवारी बदललेली असते. सुरू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप (कंपनीगणिक किल्ली वेगळी) दाबलं की फर्मवेअर स्वतःची यादी दाखवतं. तिथे ‘उबुंटू’ दिसलं तर ते निवडायचं आणि मग आत जाऊन, किंवा ‘ईएफआय बूट मॅनेजर’ या लिनक्सच्या कमांडीने, त्याला पहिला नंबर द्यायचा. एवढंच. यात दुरुस्ती म्हणण्यासारखं काही नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ अशी अक्षरं आणि ‘अशी वाटणी नाही’ अशी तक्रार आली, तर ग्रबचा गाभा पोचलाय, पण त्याला लिनक्सची वाटणी सापडत नाही. नुसतं ‘ग्रब’ आणि पुढे रिकामी जागा आली, तर ग्रब पुरता जागा आहे, त्याला फक्त मेनूची फाइल मिळाली नाही. आणि ‘डिस्कच नाही’ असं फर्मवेअर म्हणत असेल, तर आधी बॅटरी, मग सेटिंग, मग डिस्कची केबल, आणि या सगळ्यानंतरच बूटलोडर.

तारकर्लीतल्या एका ओळखीच्या घरचा प्रसंग इथे सांगण्यासारखा आहे. घरात न्याहारी-निवासाच्या दोन खोल्या, पोरगा तंत्रनिकेतनात, लॅपटॉप जुना, फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कचा. गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले, त्यात मामा. मामाला लॅपटॉप मंद वाटला म्हणून त्याने डिस्कची जागा बघितली. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिनक्सची वाटणी दिसते खरी, पण तिला ‘सी’, ‘डी’ असं अक्षर नसतं, आत किती भरलंय ते कळत नाही. न वापरलेल्या जागेसारखी वाटते.

‘‘काकानु, लिनक्स गेलो,’’ पोरगा फोनवर म्हणाला. ‘‘मामान जागा मोकळी केल्यान.’’

‘‘मोकळी केल्यान म्हणजे? डिलीट केल्यान, की फॉरमॅट पण मारल्यान?’’

‘‘डिलीट. मगे काळो पडदो इलो, तसो हात काढल्यान.’’

हात काढला हे मामाचं सगळ्यात मोठं पुण्य. वाटणी डिलीट करणं म्हणजे डिस्कच्या अनुक्रमणिकेतली एक ओळ खोडणं. पानं तशीच असतात. त्या जागेवर नवी वाटणी करून काही लिहिलं, तरच ती जातात. (एसएसडी असती तर मी इतका निश्चिंत राहिलो नसतो. तिच्यात मोकळी झालेली जागा कधी कधी आतल्या आत पुसली जाते.)

जाऊन बघितलं तर पडद्यावर ‘ग्रब’ आणि पुढे रिकामी जागा. पोराच्या आईचा, म्हणजे वहिनींचा, जीव बुकिंगच्या नोंदींत अडकलेला, कारण सुट्टीचे पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते आणि कोणाचा किती ॲडव्हान्स आला ते सगळं विंडोजमधल्या एका एक्सेलमध्ये. त्या रिकाम्या जागेत ‘एक्झिट’ एवढाच शब्द टाइप केला. यूईएफआय यंत्रावर ग्रबला असं बाहेर काढलं की कारभार परत फर्मवेअरकडे जातो आणि फर्मवेअर यादीतल्या पुढच्याला हाक मारतं. पुढचा विंडोज होता. तो सुरू झाला, एक्सेल उघडलं, वहिनी चहा करायला आत गेल्या. ही युक्ती मी अनेकांना सांगतो, कारण घाबरलेल्या घरात पहिल्या मिनिटाला काहीतरी चालू होणं याची किंमत मोठी असते.

मग लिनक्सकडे वळलो. पेनड्राइव्हवरून उबुंटू ‘लाइव्ह’ चालवलं, म्हणजे डिस्कवर काहीही न टाकता. त्यात टेस्टडिस्क नावाचा प्रोग्रॅम घेतला. क्रिस्टोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाचं हे काम, फुकट मिळतं आणि दिसायला अगदी साधं. ते डिस्क आरपार चाळून खोडलेल्या वाटण्यांच्या खुणा शोधतं. लिनक्सची वाटणी त्याला दिसली. लगेच लिहायचं नाही. आधी ‘पी’ दाबायचं, म्हणजे त्या वाटणीतल्या फाइली पडद्यावर येतात. पोराच्या नावाचा फोल्डर, त्यात सी प्रोग्रॅमिंगची असाइनमेंटं. ती ओळखीची पटली, तेव्हा अनुक्रमणिका परत लिहिली आणि यंत्र बंद करून सुरू केलं. मेनू आपोआप आला. ग्रब नव्याने बसवावाच लागला नाही.

का लागला नाही, हे समजून घेण्याजोगं आहे. ईएसपीतल्या उबुंटूच्या फोल्डरमध्ये ग्रबची एक चिमुकली फाइल असते, जेमतेम तीन ओळींची. पहिली ओळ म्हणते : अमुक ओळखक्रमांकाची वाटणी शोध. दुसरी म्हणते : सापडली की तिच्यातली बूट-ग्रब ही डिरेक्टरी आपलं घर समज. तिसरी : तिथला मेनू उघड. हा ओळखक्रमांक बत्तीस अंकाक्षरांचा असतो आणि तो वाटणीच्या पोटातच लिहिलेला असतो, डिस्कच्या अनुक्रमणिकेत नव्हे. मामाने अनुक्रमणिकेतली ओळ खोडली, तेव्हा पहिल्या ओळीचा शोध फसला आणि ग्रब रिकाम्या जागेवर येऊन उभा राहिला. ओळ परत आली, पोटातला क्रमांक तोच होता, शोध लागला. उलट नवी वाटणी करून तिथे लिनक्स पुन्हा टाकलं असतं, तर तिला नवा क्रमांक मिळाला असता आणि मग ही फाइलही नवी करावी लागली असती.

प्रत्येक वेळी इतकं सोपं नसतं. विंडोज नव्याने टाकलंय, जुन्या पद्धतीचं यंत्र आहे, पहिल्या तुकड्यात ग्रब उरलेलाच नाही, अशा वेळी रीतसर पुनर्स्थापना करावी लागते. सुरुवात तीच : पेनड्राइव्ह, लाइव्ह उबुंटू, टर्मिनल. आधी एक गोष्ट तपासायची, आणि इथेच सगळ्यात जास्त माणसं घसरतात. मूळ लिनक्स ज्या पद्धतीने बसवलं होतं, यूईएफआय की जुन्या बायोस, पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने सुरू झालेला हवा. एकच पेनड्राइव्ह फर्मवेअरच्या यादीत दोनदा दिसतो, एकदा ‘यूईएफआय’ असं लिहून आणि एकदा नुसता. चुकीचा निवडला तर पुढचं सगळं बिनचूक करूनही उपयोग होत नाही. लाइव्ह सिस्टिममध्ये ‘सिस’ डिरेक्टरीतल्या ‘फर्मवेअर’खाली ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर असेल तर आपण यूईएफआयमध्ये आहोत. नसेल तर जुन्या पद्धतीत.

मग ‘एलएसबीएलके’ ही कमांड. ती डिस्क, वाटण्या आणि त्यांचे आकार दाखवते. त्यातली ‘एक्सटी ४’ प्रकारची मोठी वाटणी म्हणजे बहुधा लिनक्स, ‘एनटीएफएस’ म्हणजे विंडोज, आणि छोटी ‘व्हीफॅट’ म्हणजे ईएसपी. लिनक्सची वाटणी लाइव्ह सिस्टिमच्या ‘एमएनटी’ डिरेक्टरीत जोडायची. यूईएफआय असेल तर ईएसपी तिच्या आतल्या ‘बूट’मधल्या ‘ईएफआय’वर. त्यानंतर ‘डेव्ह’, ‘प्रॉक’ आणि ‘सिस’ या तीन डिरेक्टऱ्याही आत जोडून द्यायच्या, कारण त्यांच्याशिवाय आतल्या प्रोग्रॅमांना खरी डिस्क दिसत नाही. आणि मग ‘सीएच-रूट’. या कमांडीचा परिणाम गमतीचा आहे : चालू आहे पेनड्राइव्हवरचं लिनक्स, पण टर्मिनलला वाटतं आपण डिस्कवरच्या लिनक्सच्या पोटात आहोत. आता जे काही बसवाल ते तिथे बसेल.

उरलं काम दोन कमांडींचं. ‘ग्रब-इन्स्टॉल’ ग्रबचे भाग जागच्या जागी ठेवतं, ‘अपडेट-ग्रब’ मेनू नव्याने लिहितं. जुन्या पद्धतीत ग्रब-इन्स्टॉलला अख्ख्या डिस्कचं नाव द्यायचं, ‘एसडीए’. ‘एसडीए १’ दिलं तर ते पहिल्या वाटणीचं नाव झालं आणि ग्रब भलतीकडे जाऊन बसतो. यूईएफआयमध्ये डिस्कचं नाव द्यावंच लागत नाही. ज्यांना टर्मिनलची धास्ती वाटते त्यांच्यासाठी बूट-रिपेअर नावाचं बटणवालं साधन आहे. ते बऱ्याचदा काम करतं. तरी आधी वरचं निदान स्वतः करावं. बटण दाबणाऱ्याला काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि पुढच्या खेपेला तो पुन्हा बटणच शोधतो.

मेनू आला, पण त्यात विंडोजच नाही, अशी तक्रार हल्ली फार येते. घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या सिस्टिमा हुडकून मेनूत घालण्याचं काम ‘ओएस-प्रोबर’ नावाचा प्रोग्रॅम करतो, आणि २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून तो मूळचाच बंद ठेवलेला असतो, सुरक्षेच्या कारणाने. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत ‘ओएस-प्रोबर बंद’ या ओळीपुढे ‘फॉल्स’ लिहायचं आणि अपडेट-ग्रब पुन्हा चालवायचं. विंडोज यादीत येतं.

सिक्युअर बूटचं प्रकरण मात्र खरंच किचकट आहे. फर्मवेअरने सहीशिक्क्याचाच प्रोग्रॅम चालवायचा, हा त्यामागचा नियम. आणि घरगुती यंत्रांत शिक्का बहुतेक मायक्रोसॉफ्टचा असतो. लिनक्सवाल्यांनी त्यावर ‘शिम’ नावाची तोड काढली. हा छोटा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या सहीचा. तो चालू झाला की ग्रबवरची उबुंटूची किंवा फेडोराची सही तो स्वतः तपासतो. जुन्या ग्रबांत सुरक्षेच्या फटी निघत गेल्या, तेव्हा प्रत्येक भागाला पिढीचा आकडा देऊन जुन्या पिढ्यांना मज्जाव करण्याची ‘एसबॅट’ ही पद्धत आली. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने हा मज्जाव लागू केला. दोन सिस्टिमा असलेली यंत्रं वगळायची, असा बेत होता. ती ओळखण्यातच चूक झाली आणि जगभर माणसं सकाळी उठून ‘काहीतरी गंभीर बिघडलं आहे’ अशा अर्थाचा संदेश बघत बसली. त्यावर तोड अशी होती : फर्मवेअरमध्ये जाऊन सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये शिरून ‘मोकयुटिल’ने तो मज्जाव पुसायचा, लिनक्स अद्ययावत करायचं आणि सिक्युअर बूट परत चालू करायचं. मायक्रोसॉफ्टकडून पक्की दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडलं. तोवर किती जणांनी निष्कारण फॉरमॅट मारून घेतलं असेल, कोण जाणे.

सिक्युअर बूटला हात लावण्याआधी विंडोजची डिस्क कुलूपबंद आहे का ते बघावं. बिटलॉकर चालू असेल तर फर्मवेअरमधल्या अशा बदलानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. नव्या विंडोज ११ मध्ये हे कुलूप मालकाच्या ध्यानीमनी नसताना लागलेलं असतं. ही की सहसा त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली मिळते. पण खातं काढून देणाऱ्या दुकानातल्या मुलाने कुठला ईमेल टाकला होता हेच आठवत नसेल, तर पंचाईत. आधी की वहीत उतरवून घ्यावी, मग फर्मवेअरमध्ये शिरावं. लिनक्सची दुरुस्ती करताना विंडोज गमावलेली उदाहरणं जवळजवळ सगळी इथली असतात.

उलटी बाजूही कधी येते. डिप्लोमा संपला, पोरगा नोकरीला पुण्याला गेला, आता लिनक्स नको. अशा वेळी आधी लिनक्सची वाटणी उडवायची आणि मग काय होतं ते बघायचं, हा क्रम चुकीचा. आधी विंडोज पहिल्या नंबरावर आणायचं. जुन्या पद्धतीत विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून ‘बूटरेक’ला ‘फिक्स-एमबीआर’ सांगितलं की ते ४४६ बाइट परत विंडोजचे होतात. यूईएफआयमध्ये क्रमवारी बदलली की भागतं. ईएसपीतला मायक्रोसॉफ्टचा फोल्डरच खराब झाला असेल, तर ‘बीसीडीबूट’ तो नव्याने भरतं. विंडोज एकदा एकट्याने सुरू झालेलं बघितलं, की मग वाटणी खुशाल उडवावी.

सगळं जुळल्यावर एक बारीकशी कटकट उरते. लिनक्समध्ये काम करून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं दिसतं. मदरबोर्डचं घड्याळ जागतिक वेळ दाखवतं असं लिनक्स मानतं, आणि स्थानिक वेळ दाखवतं असं विंडोज मानतं. आपला दोघांमधला फरक नेमका साडेपाच तासांचा. दुपारी एकला आलेल्या पाहुण्याची नोंद सकाळी साडेसातची पडते आणि घरात वाद होतात. लिनक्सच्या ‘टाइमडेटसीटीएल’ला ‘सेट-लोकल-आरटीसी’ आणि त्यापुढे १ एवढं सांगितलं की तेही स्थानिक वेळ धरून चालतं. जाणकार याला नाकं मुरडतात, लिनक्स स्वतःही तसा इशारा देतं, कारण ज्या देशांत उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळं पुढेमागे करतात तिथे याने गोंधळ होतो. भारतात घड्याळं वर्षभर एकाच वेळेवर चालतात, त्यामुळे तारकर्लीत ही सोय बिनधास्त वापरता येते.